दोन इंच ऊन

वार्डोत जूनमध्ये सूर्य मावळतच नाही.
क्षितिजाला टेकल्यासारखं करतो आणि पुन्हा चढतो,
निघतो निघतो म्हणत
दारातच तासभर बोलणाऱ्या पाहुण्यासारखा.

नेमके याच महिन्यात
त्यांनी सिग्वर्तच्या शिरेत ते कण सोडले.
केसाच्या जाडीचे हजार भाग केले
तर त्यातला एक, एवढाले.
"अंधारात झोपलेले असतात," डॉक्टर इंगेलिन म्हणाली,
"उजेड पडला की उठतात."
"म्हणजे आमच्या गावासारखेच," सिग्वर्त म्हणाला.

दोन दिवस थांबायचं होतं.
निरोगी मांसातून कण ओसरत जातात,
गाठीत मात्र साचून राहतात,
ओहोटीनंतर खडकाच्या खळग्यात
पाणी मागे राहतं तसे.

मग ट्रॉम्सोच्या त्या थंड खोलीत
त्याच्या घशातून नळी उतरली, टोकाला निळा उजेड.
पडद्यावर अन्ननलिकेची ओली गुहा
आणि तिच्या एका भिंतीवर
लाल.
ऑगस्टच्या काळ्या पाण्यात वल्हं मारलं
की पाणी आतून पेटतं, तसं लाल.
किती सुंदर, असं माझ्या मनात आलं.
कुणाला सांगितलं नाही. अजूनही लाज वाटते.

नंतर त्याच नळीतून दुसरा उजेड, तांबडा.
बारा मिनिटं.
ना धूर, ना वास, ना आवाज.
दाखवणाराही उजेड आणि मारणाराही,
मधल्या मध्ये ते झोपमोड झालेले कण.
चाळीस वर्षं ट्रॉलरच्या तळाला पत्रे जोडणारा माझा नवरा
शुद्धीवर आला आणि घोगऱ्या आवाजात पहिलं काय विचारलं,
"ठिणग्या उडाल्या का?"

परतीच्या बोटीत
केबिनच्या गोल खिडकीवर मी माझा कोट टांगला.
कारण उरलेले कण आता त्याच्या कातडीत होते
आणि महिनाभर
ऊन त्याला गाठीसारखंच जाळणार होतं.
कातडी आणि गाठ यांतला फरक
उन्हाला कुठं कळतो?

घरी मी खिडक्यांना घोंगड्या ठोकल्या,
फटींना चिकटपट्टी, किल्लीच्या भोकात कापूस.
आयुष्यभर काळ्या काचेआडून काम केलेला माणूस
आता स्वतःच्याच स्वयंपाकघरात
काळ्या काचेआड बसला.
पूर्वी भांडताना मी म्हणायचे,
काय उजेड पाडलास रे आजवर!
त्या महिन्यात ते वाक्य
दोनदा ओठांवर आलं, दोनदा गिळलं.
गिळणं म्हणजे काय, ते तेव्हा तोच जाणत होता:
गाळलेलं माशाचं सूप, चमचा चमचा,
प्रत्येक चमच्याआधी डोळे मिटून.

पूर्ण काळोख नको, असंही इंगेलिननं बजावलं होतं.
एक मंद दिवा असू द्या,
त्यानं कातडीतले कण थोडे थोडे खर्च होतात.
तर आम्ही कपाटातला जुना टेबललॅम्प काढला,
त्याच्या उजेडात पत्ते खेळलो.
तो लबाडी करायचा.
मला दिसायचं. मी खेळत राहायचे.
बाहेर रात्री दीड वाजता
एरलेंडची पोरं फुटबॉल बडवत असायची,
चेंडू आमच्या भिंतीवर आदळायचा,
आणि आम्ही दोघं एकदम वर बघायचो
जणू दिवसानंच दार ठोठावलं.

तिसाव्या दिवशी चाचणी.
बेकरीची कागदी पिशवी, तिला दोन इंचांचं भोक.
पिशवीत हात घालून तो उंबऱ्याशी बसला,
बाकी सगळा माझ्या शालीखाली.
मी दहा मिनिटं मोजली, घड्याळ हातात धरून,
समोर समुद्र इतका चकाकत होता
की माझेच डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी हाताच्या पाठीवर
एक गोल, फिकट लाल, नाण्याएवढा.
"अजून आहेत," तो म्हणाला,
मुक्काम वाढवलेल्या पाहुण्यांबद्दल बोलावं तसा.
मग बोट त्या गोलाभोवती फिरवत,
माझ्याकडे न बघता:
"पण पाडला की नाही उजेड?"

मी हसले. तोही हसायला गेला,
घसा दुखला, थांबला.
ऑगस्टमध्ये पुन्हा नळी, पुन्हा निळा उजेड,
तेव्हा भिंतीवर काय दिसेल ते दिसेल.
मी पिशवीची नीट घडी घातली,
चमच्यांच्या खणात ठेवली.
पुढच्या गुरुवारी परत लागणार होती.